‘बाकी नाही’ म्हणजे नक्की काय? उधारीच्या वहीवरून प्रोलॉग आणि वेगळ्या वळणाची तर्कशास्त्रं

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझ्या मामांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना प्रोलॉगमध्ये, म्हणजे तर्काच्या नियमांवर चालणाऱ्या संगणकभाषेत, चार ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. पार्टीचं नाव टाकायचं आणि उधारीवर माल द्यायचा की नाही ते विचारायचं, एवढंच त्याचं काम. जानेवारीत गड्ड्याची यात्रा लागली आणि दिवाणजी एक वही घरी घेऊन गेले. त्या वहीतल्या नोंदी माझ्या फाइलमध्ये कधी चढल्याच नाहीत. एका पार्टीबद्दल प्रोग्रामने बिनदिक्कत ‘द्या’ सांगितलं आणि टेम्पो रवाना झाला. त्या मालाचे पैसे आठ महिन्यांनी, तेही तुकड्यातुकड्यांनी आले. चूक माझी होती, प्रोलॉगची नव्हती.

दिवाणजी तेलुगूभाषक. माल निघाला तेव्हा समोरची वही चाळून ते म्हणाले होते, ‘बाकी लेदु.’ तेलुगूत ‘लेदु’ म्हणजे ‘नाही’, अस्तित्वात नाही या अर्थाने. ‘कादु’ म्हणजे ‘तसं नव्हे’. कन्नडमध्ये हाच फरक ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’ यांत आहे, आणि आपल्याकडे ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांत. सोलापुरात या तिन्ही भाषा एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. नकार एकाच प्रकारचा नसतो हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. प्रोग्राम लिहिताना मात्र मी ते विसरलो होतो.

पुढे दिलंय ते त्याच चार ओळींच्या दुरुस्तीचं काम, पायरीपायरीने. प्रत्येक पायरीवर ‘नाही’चा अर्थ थोडा सरकतो आणि त्या अर्थामागे एक वेगळं तर्कशास्त्र उभं असतं.

आधी बैठक

दोन साधनं लागतील, दोन्ही फुकट: एसडब्ल्यूआय-प्रोलॉग, जे जान विलेमेकर यांनी १९८७ मध्ये सुरू केलं, आणि जर्मनीतल्या पॉट्सडॅम विद्यापीठात तयार झालेलं क्लिंगो, जे नियमांना जुळणारी सगळी उत्तरं शोधून देतं. पहिल्याला देवनागरी नावं चालतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. चल, म्हणजे ज्याच्या जागी कुठलंही नाव बसू शकतं ते, मात्र अधोरेखेने सुरू करा, कारण प्रोलॉग एरवी चल ओळखतो तो मोठ्या इंग्रजी अक्षरावरून आणि देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं. म्हणून `लातूर` हे नाव, तर `_प` हा चल. क्लिंगोला देवनागरी नावं चालत नाहीत. तिथे हेच नियम रोमन लिपीत टंकावे लागतील. इथे मी वाचायला सोपं म्हणून देवनागरीतच ठेवलेत.

पहिली पायरी: नकाराशिवाय लिहा

कुठलाही प्रोग्राम आधी फक्त होकारार्थी नियमांनी लिहून बघावा.

```
पार्टी(बार्शी).
पार्टी(लातूर).
पार्टी(विजापूर).
बाकी(लातूर).
जामीन(बार्शी, विजापूर).
ओळखीची(_प) :- जामीन(_क, _प), पार्टी(_क).
```

`:-` हे चिन्ह ‘जर’ असं वाचायचं: बार्शीवाले विजापूरवाल्यांना जामीन आहेत आणि बार्शी आपली पार्टी आहे, म्हणून विजापूर ओळखीची. अशा नियमांना हॉर्न वाक्यं म्हणतात, आल्फ्रेड हॉर्न यांच्या १९५१ च्या कामावरून. आलें कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांनी १९७२ मध्ये मार्सेयला पहिला प्रोलॉग बनवला तो याच पायावर. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी १९७९ मध्ये त्याचं सूत्र मांडलं: अल्गोरिदम म्हणजे तर्क अधिक नियंत्रण. काय खरं आहे ते तुम्ही सांगा, शोधायचं कसं ते यंत्र बघेल.

इथवर नेहमीचं तर्कशास्त्र घ्या की अंतर्ज्ञानवादी, म्हणजे पुरावा दाखवल्याशिवाय काहीच खरं न मानणारं, उत्तरं तीच येतात. हॉर्न वाक्यांच्या गावात या दोघांचं भांडणच नाही. भांडण लागतं ते नकार दारात आला की.

दुसरी पायरी: ‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे ‘नाही’

माझी मूळ ओळ ही होती:

```
उधार_द्या(_प) :- पार्टी(_प), \+ बाकी(_प).
```

`\+` म्हणजे ‘सिद्ध करायला गेलो, झालं नाही’. बार्शीची बाकी सिद्ध होत नाही, म्हणून माल द्या. १९७८ मध्ये एकाच ग्रंथात दोन लेख आले. कीथ क्लार्क यांनी या नकाराला अपयशातून नकार म्हटलं. रेमंड रायटर यांनी त्यामागचं गृहीतक उघडं केलं: जे नोंदलेलं नाही ते खोटं, म्हणजे वहीबाहेर जगच नाही. याला बंद जगाचं गृहीतक म्हणतात.

करून बघा. उत्तर बघितल्यावर फाइलमध्ये `बाकी(बार्शी).` ही ओळ घाला आणि पुन्हा विचारा. मघाचा ‘हो’ गेलेला असेल. नेहमीच्या तर्कशास्त्रात नवीन माहिती आल्याने जुना निष्कर्ष कधीच मागे घ्यावा लागत नाही, इथे लागला. याला एकदिष्ट नसलेला, म्हणजे नॉन-मोनोटॉनिक तर्क म्हणतात. व्यापारी माणूस दिवसभर असाच विचार करतो, त्यामुळे त्याला यात काही नवल वाटत नाही.

दोन खड्डे इथेच आहेत. पहिला क्रमाचा. हाच नियम उलटा लिहून बघा:

```
उधार_द्या(_प) :- \+ बाकी(_प), पार्टी(_प).
```

‘बार्शीला द्यायचं का?’ विचारलं तर उत्तर येतं ‘हो’. ‘कोणाला द्यायचं?’ विचारलं तर येतं ‘कोणालाच नाही’. कारण `_प` अजून रिकामा असताना यंत्र ‘कुणाचीतरी बाकी आहे का’ हे तपासतं, लातूर सापडतं आणि गाडी तिथेच थांबते. तर्काच्या दृष्टीने दोन्ही ओळींचा अर्थ एक, चालवल्यावर मात्र दोन. नियम साधा आहे: नकाराच्या आधी चल भरलेला असू द्या.

दुसरा खड्डा असा की फाइलमध्ये `बाकी`ची एकही नोंद नसेल तर प्रोलॉग ‘नाही’ म्हणत नाही, असं विधेयच (म्हणजे `बाकी`, `पार्टी` यांसारखा नोंदीचा प्रकार) माहीत नाही म्हणून चूक दाखवतो. त्यासाठी `बाकी` हे विधेय डायनॅमिक म्हणून आधी जाहीर करून ठेवायचं.

तिसरी पायरी: वही पूर्ण आहे का, हे वहीलाच विचारा

आता टेम्पोवाल्या चुकीकडे. बंद जगाचं गृहीतक चूक नाही, पण ते सगळीकडे लागू नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा फार जुना ऊहापोह आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेत आणि अद्वैत वेदान्तात अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं जातं: न दिसण्यातून नसण्याचं ज्ञान. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत. पण अट दोघांनाही हवी असते, ती योग्यतेची. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही. अंधारात दिसत नाही, यावरून काहीच ठरत नाही. प्राचीन ग्रंथांत आधुनिक शोध हुडकण्याचा मला कंटाळा आहे, आणि हेही प्रोलॉग नव्हे. पण योग्यतेची ती अट मी शब्दशः प्रोग्राममध्ये उतरवली आणि ती कामाला आली:

```
बाकी_नाही(_प) :- खाते_तपासले(_प), \+ बाकी(_प).
उधार_द्या(_प) :- पार्टी(_प), बाकी_नाही(_प).
```

`खाते_तपासले` ही नोंद दिवाणजी स्वतः करतात, सगळ्या वह्या जुळवल्यानंतरच. म्हणजे जिथे दिवा लावला आहे तेवढंच जग बंद, बाकीचं उघडं. तुमच्या कामात हजेरीपट असेल, औषधांची यादी असेल. प्रत्येक विधेयापुढे एकच प्रश्न लिहा: ही यादी पूर्ण असल्याची हमी कोण देतं? हमी देणारा सापडला नाही तर त्या विधेयावर `\+` लावू नका.

चौथी पायरी: गोल फिरणारे नियम आणि तिसरं मूल्य

दोन माग, ते सांभाळणारा जॉबर एकच. पहिला बंद असेल तर दुसरा चालवायचा आणि दुसरा बंद असेल तर पहिला.

```
चालू(पहिला) :- \+ चालू(दुसरा).
चालू(दुसरा) :- \+ चालू(पहिला).
```

साध्या प्रोलॉगला विचारलंत तर तो एकाकडून दुसऱ्याकडे फेऱ्या मारत राहतो आणि स्मृती संपली म्हणून कोसळतो. उपाय असा: `चालू` हे विधेय टेबल म्हणून, म्हणजे एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लक्षात ठेवायचं असं, जाहीर करा आणि `\+` च्या जागी टी-नॉट हा खास नकार वापरा. मग उत्तर ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ‘अनिर्णित’ येतं.

स्टीफन क्लीनी यांनी १९३८ मध्ये खरं-खोटं यांच्यासोबत तिसरं मूल्य मांडलं होतं, ‘अजून ठरलेलं नाही’ या अर्थाचं. मेल्विन फिटिंग यांनी १९८५ मध्ये ते लॉजिक प्रोग्रामना लावलं. व्हॅन गेल्डर, रॉस आणि श्लिफ यांनी १९८८ मध्ये त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. तिला वेल-फाउंडेड अर्थपद्धती म्हणतात आणि टेबलिंगवाला प्रोलॉग हीच वापरतो. दुरुस्ती काय, ते बाजाराच्या भाषेत सांगतो:

```
भरोसा(अ) :- भरोसा(ब).
भरोसा(ब) :- भरोसा(अ).
```

अ म्हणतो, ब वर भरोसा ठेवा म्हणजे माझ्यावर ठेवता येईल. ब नेमकं उलटं म्हणतो. फिटिंग यांच्या पद्धतीत दोघेही ‘अनिर्णित’. वेल-फाउंडेड पद्धतीत दोघेही सरळ ‘खोटे’, कारण एकमेकांपलीकडे त्यांना कसलाच आधार नाही. नवी पेठेतला कुठलाही दुकानदार दुसरंच उत्तर देईल. नकारातून गोल फिरणं अनिर्णित, होकारातून गोल फिरणं निराधार. हा भेद पक्का डोक्यात ठेवा.

पाचवी पायरी: अनिर्णित नको, पर्याय हवेत

मामांना ‘अनिर्णित’ ऐकायचं नसतं. त्यांना हवं असतं: एक तर पहिला चालवा, नाहीतर दुसरा. मायकेल गेल्फाँड आणि व्लादिमीर लिफशिट्झ यांनी १९८८ मध्ये स्थिर प्रतिमानांची (प्रतिमान म्हणजे नियमांना जुळणारं एक संपूर्ण उत्तर) कल्पना मांडली ती याच कामाची. क्लिंगो तीच उत्तरं काढतं. वरचे दोन नियम त्याला द्या (नकार `नॉट` असा लिहून) आणि शून्य हा आकडा जोडून सगळी उत्तरं मागा. दोन मिळतील.

हे उत्तर हाताने एकदा काढाच. अंदाज बांधा: फक्त पहिला चालू.

आता ज्या नियमाचा नकार अंदाजाशी टक्कर घेतो तो नियम पूर्ण खोडा. ‘दुसरा चालू, जर पहिला चालू नसेल’ हा गेला. उरलेल्या नियमांतले नकार पुसून टाका. ते अंदाजानुसार खरेच आहेत. उरलं काय? ‘पहिला चालू’, विनाअट. यातून कमीत कमी काय सिद्ध होतं ते काढा: पहिला चालू. अंदाज आणि निष्पत्ती जुळली, म्हणून प्रतिमान स्थिर.

आता ‘दोन्ही चालू’ असा अंदाज करा. दोन्ही नियम खोडले जातात, निष्पत्ती शून्य, जुळत नाही. ‘एकही चालू नाही’ म्हणा: दोन्ही नियमांतले नकार पुसले जाऊन दोन्ही माग चालू होतात, हेही जुळत नाही. गृहीत धरायचं आणि मग तेच गृहीत पायावर उभं राहतं का ते बघायचं, हीच सगळी यंत्रणा.

एक सावधगिरी. `बंद :- नॉट बंद` अशी ओळ चुकून राहिली आणि `बंद` दुसरीकडून सिद्ध होत नसेल, तर एकही उत्तर येणार नाही. क्लिंगो संबंध नसलेल्या भागाचीही उत्तरं देणार नाही. असं झालं की विषम संख्येच्या नकारांचं वर्तुळ शोधायला लागा.

सहावी पायरी: कच्ची वही, पक्की वही

इथे थोडं रेंगाळतो, कारण हा भाग मला स्वतःला फार उशिरा कळला.

‘अ, जर ब नसेल’, ‘ब, जर अ नसेल’ आणि ‘अ किंवा ब’ ही तिन्ही वाक्यं नेहमीच्या तर्कशास्त्रात एकच. प्रोग्राम म्हणून पहिल्याचं उत्तर फक्त अ आणि दुसऱ्याचं फक्त ब. म्हणजे या नियमांचं तर्कशास्त्र नेहमीचं नाही, हे उघड आहे. मग कोणतं?

डेव्हिड पिअर्स यांनी १९९६ मध्ये उत्तर दिलं: आरेंट हायटिंग यांनी १९३० मध्ये मांडलेलं, ‘इथे-आणि-तिथे’ या नावाने ओळखलं जाणारं तर्कशास्त्र. ते अंतर्ज्ञानवादी आणि नेहमीच्या तर्कशास्त्राच्या मधलं आहे. त्यात दोन जगं असतात. मी त्यांना कच्ची वही आणि पक्की वही म्हणतो. कच्चीत आपण गृहीत धरलेलं सगळं, पक्कीत पुराव्याने चढवलेलं. पक्कीतली प्रत्येक नोंद कच्चीत असायलाच हवी, उलट असेलच असं नाही.

‘अ’ पक्कं कधी? पक्क्या वहीत असेल तर. ‘नॉट अ’ खरं कधी? अ कच्च्या वहीतसुद्धा नसेल तरच. सगळी गोम इथे आहे. एखादी नोंद कच्चीत असेल आणि पक्कीत नसेल, तर ती पक्की खरीही नाही आणि तिचा नकारही खरा नाही.

समतोल कधी? दोन्ही वह्या तंतोतंत सारख्या असतील, आणि कच्ची तशीच ठेवून पक्कीतल्या कुठल्याही एक वा अनेक नोंदी काढल्या तर नियम मोडत असतील तेव्हा. पडताळून बघा. नियम ‘अ, जर ब नसेल’. दोन्ही वह्यांत फक्त ब लिहा. आता पक्कीतून ब खोडा. कच्चीत ब आहेच, त्यामुळे ‘नॉट ब’ खोटं, नियम मोडत नाही. म्हणजे ब विनाकारण बसला होता, समतोल नाही. दोन्हींत फक्त अ लिहून तो पक्कीतून खोडा: ‘नॉट ब’ खरं आहे, तर अ पक्कीत हवाच, नियम मोडला. म्हणजे अ चा समतोल पक्का.

ही निव्वळ पंडिती नाही. लिफशिट्झ, पिअर्स आणि वाल्वेर्दे यांनी २००१ मध्ये दाखवलं की दोन प्रोग्राम कुठल्याही मोठ्या फाइलमध्ये एकमेकांच्या जागी निर्धास्त बसवता येतात, जर ते याच तर्कशास्त्रात समान असतील तर आणि तरच. माझ्याच फाइलमधलं उदाहरण:

```
तपासणी :- जुनी_पार्टी.
तपासणी :- नॉट जुनी_पार्टी.
```

जुनी असो वा नसो, तपासणी करायचीच, मग दोन्ही ओळी पुसून नुसतं `तपासणी.` का लिहू नये? कुणीही लिहील. मीही लिहिलं. आता फाइलमध्ये दुसरीकडे `जुनी_पार्टी :- तपासणी.` असं असेल (एकदा तपासलेली पार्टी जुन्यांत जमा), तर नव्या रूपाला एक उत्तर मिळतं आणि मूळ रूपाला एकही नाही. वह्यांनी तपासा: कच्चीत दोन्ही नोंदी, पक्की कोरी. मूळ दोन्ही नियम मोडत नाहीत, `तपासणी.` ही विनाअट नोंद मात्र मोडते. म्हणजे दोन्ही रूपं समान नाहीत, आणि हे दोन मिनिटांत कागदावर कळतं. मध्यम-निषेधावर, म्हणजे ‘एक तर हे, नाहीतर ते’ यावर, विसंबून नियम आटोपशीर करायचा मोह झाला की आधी ही परीक्षा घ्या.

सातवी पायरी: दोन नकार, चार उत्तरं

डेव्हिड नेल्सन यांनी १९४९ मध्ये एक सशक्त नकार मांडला: खोटेपणालाही स्वतंत्र पुरावा हवा. गेल्फाँड आणि लिफशिट्झ यांनी १९९० च्या सुमारास तो लॉजिक प्रोग्राममध्ये आणला. क्लिंगोत तो वजाचिन्हाने लिहितात. `नॉट बाकी` म्हणजे बाकीची नोंद नाही; `-बाकी` म्हणजे बाकी नसल्याची नोंद आहे, पावतीसकट. ‘लेदु’ आणि ‘कादु’ यांच्याशी हे हुबेहूब जुळत नाही, पण दिवाणजींना समजावताना मी तेच शब्द वापरले आणि त्यांना ते लगेच पटलं.

पण `बाकी(विजापूर)` आणि `-बाकी(विजापूर)` दोन्ही नोंदी आल्या तर? एका वहीत थकबाकी, दुसरीत पावती. क्लिंगो एकही उत्तर देत नाही. एका पार्टीच्या गोंधळाने सगळा कारखाना ठप्प. विरोध सोसणारी तर्कशास्त्रं यासाठीच आहेत. न्यूएल बेलनॅप यांनी १९७७ मध्ये चार मूल्यं सुचवली: फक्त खरं सांगितलं गेलं, फक्त खोटं, दोन्ही, काहीच नाही. साध्या प्रोलॉगमध्ये ती अशी बसतात:

```
निकाल(_प, द्या)      :- फिटले(_प), \+ थकले(_प).
निकाल(_प, देऊ_नका)   :- थकले(_प), \+ फिटले(_प).
निकाल(_प, वही_जुळवा) :- फिटले(_प), थकले(_प).
निकाल(_प, विचारा)    :- पार्टी(_प), \+ फिटले(_प), \+ थकले(_प).
```

इथला `\+` जगाबद्दल काहीच बोलत नाही. ‘माझ्याकडे नोंद नाही’ एवढंच म्हणतो, आणि ते नेहमीच खरं असतं. रॉबर्ट मूर यांच्या १९८५ च्या ऑटोएपिस्टेमिक तर्कशास्त्राचा हाच विषय आहे: स्वतःला काय माहीत आहे याबद्दलचं तर्क. गेल्फाँड यांनी १९८७ मध्ये अपयशातून येणारा नकार त्यातच उलगडून दाखवला होता.

जाता जाता

मालसाठ्यासाठी वरचं काहीच पुरत नाही. सुताचा बीम एकदा मागावर चढला की गोदामात उरत नाही, पण तर्कशास्त्रात विधान कितीही वेळा वापरा, संपत नाही. झाँ-ईव्ह जिरार यांचं १९८७ चं लिनिअर लॉजिक विधानांना वापरून संपणाऱ्या मालासारखं वागवतं. जोशुआ होडास आणि डेल मिलर यांची लॉली ही भाषा त्यावरच उभी आहे. ‘समजा लातूरने पैसे भरले, तर?’ अशी तात्पुरती गृहीतकं हवी असतील तर लॅम्डा-प्रोलॉग बघा. ‘भरोसा सत्तर टक्के’ हवा असेल तर प्रॉब्लॉग आहे. मामांनी ते मागितलं होतं, पण सत्तर हा आकडा कुठून आणायचा ते त्यांनाही सांगता आलं नाही, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

नव्या फाइलची पहिली चाचणी मी कारखान्यातच घेतली, मागांच्या खडखडाटात. बार्शीला ‘द्या’, लातूरला ‘देऊ नका’. विजापूर टाकलं तर ‘वही जुळवा’. मामा मागून वाकून बघत होते. ‘काय करूलालास? हो की नाही, एक काय ते सांग की.’ मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा वर सारून पुन्हा वाचलं आणि दिवाणजींना हाक मारली, घरची वही घेऊन या म्हणून.